करार न करता युरोपीय संघ सोडणे : ब्रिटनच्या ‘नो-डील’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटन युरोपीय संघातून अखेर करार करूनच बाहेर पडला. तरी ‘करार झालाच नसता तर?’ हा प्रश्न थांबलेला नाही, कारण त्या वेळी भीती म्हणून सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी करार होऊनही रोजच्या झाल्या. खालची उत्तरे एकेकटी वाचली तरी चालतील. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘नो-डील’ म्हणजे नेमका कोणता करार नाही?

निम्मा गोंधळ इथेच होतो. करार दोन होते. पहिला माघारीचा : जुना हिशेब कसा चुकता करायचा, एकमेकांच्या देशात राहणाऱ्या नागरिकांचे हक्क काय, आयर्लंडच्या सीमेचे काय. दुसरा पुढच्या व्यापाराचा. एकत्र कुटुंबातून वेगळे होताना वाटणीपत्र वेगळे आणि पुढे सामाईक विहिरीचे पाणी कोण किती दिवस घेणार याचा कागद वेगळा, तसे हे आहे.

त्यामुळे नो-डीलही दोन प्रकारचे. २०१९ मध्ये ज्याची धास्ती होती ते पहिले : माघारीचाही करार नाही, म्हणजे काहीच नाही. २०२० च्या डिसेंबरात टळले ते दुसरे : माघारीचा करार झालेला, व्यापाराचा नाही. जुन्या बातम्या वाचताना आधी वर्ष पाहा. दोन्ही वर्षांत शब्द एकच असला तरी २०१९ मधला धोका कितीतरी मोठा होता.

२. सगळ्या तारखा एका जागी मिळतील का?

सार्वमत २३ जून २०१६ ला झाले. ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. संघाला नोटीस २९ मार्च २०१७ ला गेली, म्हणून बाहेर पडण्याची मूळ तारीख २९ मार्च २०१९. ती आधी १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबर आणि शेवटी ३१ जानेवारी २०२० पर्यंत ढकलली गेली. त्या रात्री ब्रिटन माघारीच्या करारासह बाहेर पडला. पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत संक्रमणकाळ होता. त्यात सदस्यत्व संपलेले, पण नियम जुनेच. व्यापार करार २४ डिसेंबर २०२० ला ठरला आणि १ जानेवारी २०२१ पासून तात्पुरता लागू झाला. म्हणजे नवे नियम कळल्यापासून ते पाळायला लागेपर्यंत व्यापाऱ्यांच्या हाती आठवडाभर होता, त्यातही नाताळ.

३. कोणीच काही केले नाही तर आपोआप बाहेर, असे का होते?

युरोपीय संघाच्या कराराचे कलम ५० तसेच लिहिलेले आहे. नोटीस दिल्यापासून दोन वर्षांत करार झाला तर ठीक. नाही झाला तर त्या दिवशी संघाचे करार त्या देशाला लागू होणे थांबते. त्यासाठी मतदान नको, सही नको. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखेच : मुदत संपली की संपली, ‘संपवा’ असे कोणी म्हणावे लागत नाही. वेळसुद्धा ब्रसेल्सच्या मध्यरात्रीची, म्हणून लंडनच्या घड्याळात रात्रीचे अकरा.

यातून सुटायच्या वाटा तीन. करार मंजूर करणे, बाकी सगळ्या सदस्य देशांच्या एकमताने मुदत वाढवून घेणे, किंवा नोटीसच मागे घेणे. तिसरी वाट ब्रिटनला एकट्यानेही घेता येते, असा निकाल युरोपीय न्यायालयाने १० डिसेंबर २०१८ ला दिला होता. राजकीयदृष्ट्या ती कोणालाच परवडणारी नव्हती.

४. संसदेने तर ‘नो-डील नको’ असे मतदान केले होते. मग धोका कसा उरला?

१३ मार्च २०१९ ला हाउस ऑफ कॉमन्सने ३२१ विरुद्ध २७८ मतांनी तसे म्हटले, हे खरे. पण ठरावाने कायदा बदलत नाही. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा माघारीचा करार त्याच सभागृहाने तीनदा फेटाळला. पहिल्या वेळी, १५ जानेवारीला, ४३२ विरुद्ध २०२ मतांनी. करारही नको आणि करार नसणेही नको, हे दोन्ही एकाच वेळी म्हणता येते, पण कलम ५० चे घड्याळ त्याने थांबत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये मात्र संसदेने कायदाच केला : १९ ऑक्टोबरपर्यंत करार मंजूर झाला नाही, किंवा नो-डीलला संसदेची संमती मिळाली नाही, तर पंतप्रधानांनी मुदतवाढ मागितलीच पाहिजे. त्याच सुमारास बोरिस जॉन्सन सरकारने संसद पाच आठवड्यांसाठी स्थगित केली होती. ती स्थगिती सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी २४ सप्टेंबरला एकमताने बेकायदा ठरवली. मुदतवाढीच्या पत्रावर जॉन्सन यांनी सही केली नाही, पण पत्र गेले आणि संघाने ते ग्राह्य धरले.

५. ‘डब्ल्यूटीओच्या नियमांवर व्यापार करू’ म्हणजे प्रत्यक्षात काय?

जागतिक व्यापार संघटनेत (डब्ल्यूटीओ) एक पायाभूत नियम आहे : विशेष करार नसेल तर सगळ्या सदस्यांना एकच दर लावायचा. संघात असताना ब्रिटनला शून्य दर होता तो सदस्यत्वामुळे. सदस्यत्व गेले आणि करार नसेल, तर संघाने ब्रिटनला तोच दर लावायचा जो तो त्या वेळी अमेरिकेला लावत होता. हा राग नव्हे. ब्रिटनला एकट्याला सवलत दिली तर बाकीचे तक्रार करू शकतात.

सरासरी दर पाहिले तर ते किरकोळ वाटतात. सरासरीने मात्र फसायला होते. मोटारींवर १० टक्के : टाटा मोटर्सच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरसकट सगळ्या कारखान्यांची झोप उडवणारा आकडा तोच. मेंढीच्या मांसाचा हिशेब तर करूनच पाहा. ताज्या अख्ख्या मांसावर संघाचा दर १२.८ टक्के, आणि वर दर १०० किलोमागे १७१.३० युरो. किंमत किलोला ५ युरो धरली तर १०० किलोचे ५०० युरो. त्यावर १२.८ टक्क्यांनी ६४ युरो, अधिक १७१.३०, मिळून २३५.३० युरो. म्हणजे ४७ टक्के. वेल्समधल्या मेंढपाळाचे परदेशी गिऱ्हाईक बहुतांशी फ्रान्सच्या बाजूचे. या दराने तो धंदा बसतो. शिवाय माल स्वस्त तितका टक्का जास्त, कारण ठरावीक रक्कम तीच राहते.

६. ब्रिटनने स्वतःच आयातशुल्क शून्य केले असते तर भागले नसते का?

अर्धे भागले असते. मार्च २०१९ मध्ये सरकारने तशी यादी जाहीरही केली : नो-डील झाले तर बारा महिने मूल्याच्या हिशेबाने ८७ टक्के आयात शुल्कमुक्त. गोमांस, मेंढीचे मांस, लोणी, काही चीज, तयार मोटारी यांवर मात्र शुल्क राखले होते, नाहीतर देशातला शेतकरी आणि कारखानदार दोघे बुडाले असते.

पण ही सवलत द्यायची तर सगळ्या जगाला द्यावी लागते (प्रश्न ५). एकदा सगळ्यांना दार उघडे टाकल्यावर व्यापार कराराच्या बोलणीत हातात राखायला काय उरते? आणि ब्रिटनच्या निर्यातदाराला समोरच्याचे शुल्क भरावे लागणारच. आपल्या बाजूची यादी शून्य केल्याने त्यात एक पैसाही कमी होत नाही.

७. ‘गॅट’च्या कलम २४ प्रमाणे दहा वर्षे शुल्क न लावता व्यापार करता आला असता, असे ऐकले. खरे आहे का?

नाही. गॅट म्हणजे डब्ल्यूटीओच्या पायाशी असलेला जुना व्यापार करार. त्याचे ते कलम तात्पुरत्या ‘करारा’ला मुभा देते. दोन्ही बाजूंची संमती, पुढच्या पूर्ण कराराचा आराखडा आणि वेळापत्रक लागते. करार नसताना लागू होईल असे त्यात काहीही नाही.

८. शुल्क भरायची तयारी असेल तर माल अडतो कशाला? डोव्हरची रांग कशाची?

कागदांची. शुल्क ऑनलाइन भरता येते. न भरलेला रकाना मात्र ट्रक थांबवतो. डोव्हर या इंग्लंडच्या बंदरातून गर्दीच्या दिवशी दहा हजारांच्या आसपास ट्रक ये-जा करतात आणि ते सगळे ‘चढलो-उतरलो’ पद्धतीचे : ट्रक बोटीत चढतो, दीड तासाने फ्रान्सच्या कॅले बंदरात उतरतो आणि चालू लागतो. उभे राहायला जागा बंदरात नाहीच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कडा. दर ट्रकमागे दोन मिनिटे जादा लागली तर सतरा मैलांची रांग लागेल, असे बंदराचेच म्हणणे होते.

संघात असताना कॅलेला माल नेणाऱ्याकडे बीजक आणि वाहतुकीची चिठ्ठी असली की पुरे. नो-डीलनंतरच्या पहिल्या सकाळी त्याला काय लागले असते ते क्रमाने पाहा. आधी व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक, ‘जीबी’ आणि पुढे बारा अंक; तो नसेल तर पुढचा एकही अर्ज भरता येत नाही. फक्त संघाशीच व्यापार करणाऱ्या हजारो कंपन्यांनी तो कधी घेतलाच नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये करखात्याने ८८,००० कंपन्यांना तो न मागता देऊन टाकला. मग निर्यातीचे घोषणापत्र, त्यात मालाचा संकेतांक. मग सुरक्षा घोषणापत्र. पलीकडे फ्रान्सला आयातीचे घोषणापत्र, तेही संघात कार्यालय असलेल्या कोणाच्या तरी नावाने. माल पुढे इटलीला जायचा असेल तर देशोदेशींतून पार जाण्याचा (ट्रान्झिट) कागद आणि त्यासाठी बँकेची हमी. माल प्राणिजन्य असेल तर पशुवैद्याच्या सहीचे आरोग्य प्रमाणपत्र, आणि बंदरावर तपासणी चौकी असलीच पाहिजे ही अट.

सर्वांत जास्त अडचण सामायिक ट्रकची. एकाच ट्रकमध्ये तीस जणांचा माल. एकोणतीस जणांचे कागद चोख आणि एकाने चीजच्या खोक्याचे प्रमाणपत्र जोडलेले नाही. अडतो अख्खा ट्रक. म्हणूनच लहान व्यापाऱ्यांना वाहतूकदार मिळेनासे होतील ही भीती होती, आणि २०२१ च्या जानेवारीत बरेच वाहतूकदार असा मिश्र माल घ्यायला खरेच नाखूश होते.

९. लाकडी पॅलेटमुळे माल अडेल असे म्हणत होते. ही थट्टा होती का?

अजिबात नाही. कच्च्या लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाते, म्हणून पॅलेटसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. लाकूड असे तापवायचे की त्याच्या गाभ्याचे तापमान ५६ अंश सेल्सियसवर सलग ३० मिनिटे राहील. मग त्यावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाचा संकेतांक, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि उष्णताप्रक्रियेची ‘एचटी’ ही अक्षरे डागायची. संघाच्या आतल्या वाहतुकीला ही अट नसते. बाहेरून येणाऱ्या मालाला असते. त्यामुळे एका रात्रीत ब्रिटनमधली बिनशिक्क्याची पॅलेट संघात जायला अपात्र ठरणार होती. माल निर्दोष, कागद पूर्ण, आणि खालच्या फळ्या नापास.

बारीक मेख दुरुस्तीत आहे. फुटलेल्या पॅलेटची फार तर एक तृतीयांश लाकडे बदलली तर ती ‘दुरुस्त’ समजतात. त्याहून जास्त बदलली तर जुना शिक्का पुसून सगळी पॅलेट नव्याने तापवावी लागते. प्लॅस्टिक, प्लायवुड किंवा दाबलेल्या भुशाच्या पॅलेटला ही अट नाही. ज्यांना घाई होती त्यांनी त्याच शोधल्या.

१०. ‘यलोहॅमर’ कागदपत्रात सरकारने स्वतः काय मान्य केले होते?

नो-डीलच्या तयारीची ही सरकारी योजना. तिची २ ऑगस्ट २०१९ ची गृहीतके संसदेच्या दबावाखाली ११ सप्टेंबरला प्रसिद्ध करावी लागली. ‘वाईटात वाईट, पण शक्य कोटीतले’ असे त्यांचे स्वरूप होते. त्यातले नेमके आकडे : इंग्लिश खाडीपार जाणाऱ्या ट्रकपैकी ५० ते ८५ टक्क्यांची पहिल्या दिवशी फ्रेंच कस्टम्ससाठी तयारी नसेल, वाहतुकीचा वेग नेहमीच्या ४० ते ६० टक्क्यांवर येईल, ट्रकला दीड ते अडीच दिवस थांबावे लागू शकेल, ही सर्वांत वाईट स्थिती तीन महिन्यांपर्यंत टिकेल. ताज्या भाज्या-फळांचे काही प्रकार कमी पडतील, भाव चढतील. एकूण अन्नाचा तुटवडा मात्र पडणार नाही.

याला भाकीत समजू नये. पण ‘हे सगळे विरोधकांनी रंगवलेले चित्र आहे’ असे म्हणणाऱ्यांची अडचण अशी झाली, की कागदावर शिक्का सरकारचाच होता.

११. रांग लागली तर ट्रक ठेवायचे कुठे, याची तयारी होती का?

होती. डोव्हरच्या दिशेने जाणाऱ्या एम-२० महामार्गाची एक बाजू ट्रकसाठी राखून बाकीची वाहतूक दुसऱ्या बाजूने दुतर्फा चालवायची, याला ‘ब्रॉक’ असे नाव दिले होते. आणि ओसंडलेले ट्रक मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावर उभे करायचे. ७ जानेवारी २०१९ ला याची रंगीत तालीम झाली, तिला आले ८९ ट्रक. हजारोंच्या कोंडीची तालीम एवढ्यांवर घेणे म्हणजे आषाढी वारीच्या बंदोबस्ताचा सराव एका दिंडीवर घेण्यासारखे. जादा बोटींसाठी जी कंत्राटे दिली त्यातले १.३८ कोटी पाउंडांचे एक अशा कंपनीला गेले जिच्याकडे बोटच नव्हती. ते महिन्या-दीड महिन्यात रद्द झाले.

१२. औषधांचा साठा करून ठेवला असता तर प्रश्न मिटला नसता का?

बहुतेक औषधांचा मिटला असता. सरकारने ऑगस्ट २०१८ मध्येच कंपन्यांना नेहमीच्या साठ्यावर किमान सहा आठवड्यांचा जादा साठा करायला सांगितले होते. यलोहॅमरप्रमाणे (प्रश्न १०) औषधांपैकी सुमारे तीन चतुर्थांश माल डोव्हरच्या बाजूच्या खाडीतूनच येत होता, म्हणून साठ्याबरोबर दुसऱ्या बंदरांचे मार्गही राखून ठेवावे लागले.

पण काही गोष्टी साठवता येतच नाहीत. कर्करोग आणि हृदयाच्या तपासण्यांत लागणारे मॉलिब्डेनम-९९ हे किरणोत्सारी द्रव्य घ्या. ते ब्रिटनमध्ये तयार होत नाही आणि त्याचा अर्धायुकाल ६६ तासांचा, म्हणजे तेवढ्या वेळात ते निम्मे होते. अडीच दिवस, म्हणजे ६० तास, ट्रक रांगेत राहिला तर निघताना होते त्याचे जेमतेम ५३ टक्केच उरते. डबी तीच, सील तेच, कामाचे द्रव्य अर्धे. म्हणून असा माल विमानाने आणायचे ठरले. विमानाने आणायचा म्हणजे विमाने उडायला हवीत. ते प्रश्न १४ मध्ये.

१३. आयर्लंडचा प्रश्न एवढा गाजला का? सीमा तर छोटीशी आहे.

उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, बाकीचे आयर्लंड स्वतंत्र देश आणि संघाचा सदस्य. त्यांच्यामधली सीमा छोटी नाही, ४९९ किलोमीटर आणि तीवर ओलांडायच्या दोनशेहून जास्त जागा. शेत एका देशात आणि गोठा दुसऱ्यात अशी उदाहरणे आहेत. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर सीमेवरचे सैनिकी बुरूज आणि चौक्या गेल्या, आणि तीस वर्षांच्या हिंसाचारानंतर ही मोकळी सीमा म्हणजेच शांतता असे समीकरण झाले.

नो-डील झाले तर ही सीमा युरोपीय संघाची बाहेरची सीमा. ब्रिटनने मार्च २०१९ मध्ये जाहीर केले की आमच्या बाजूने इथे तपासणी नाही, शुल्क नाही. ऐकायला छान. पण मग इतर बंदरांत शुल्क आणि इथे माफी, तस्करांना आमंत्रणच. आणि डब्ल्यूटीओत ‘एका सीमेवर सूट का?’ हा सवाल (प्रश्न ५). पलीकडे आयर्लंडला मात्र तपासणी टाळता येत नव्हती, कारण टाळली तर फ्रान्स-जर्मनी आयर्लंडच्याच मालाकडे संशयाने पाहतील.

दुधाचे उदाहरण घ्या. उत्तरेतले बरेच दूध टँकरने दक्षिणेतल्या डेअऱ्यांत जाते. संघाच्या ‘मान्य तिसऱ्या देशां’च्या यादीत ब्रिटनचे नाव नसेल तर शुल्क भरूनही दूध, अंडी, मांस आत घेताच येत नाही. ती मान्यता सदस्य देशांनी एप्रिल २०१९ मध्ये दिली, म्हणून हे टोक टळले असते. दूध आत गेले असते, पण प्रत्येक टँकरमागे प्रमाणपत्र घेऊन.

१४. नो-डील झाले असते तर विमाने खरेच बंद पडली असती का?

कागदोपत्री हक्क संपले असते, विमाने उडालीच असती. संघाने मार्च २०१९ मध्येच तात्पुरता नियम केला : ब्रिटिश कंपन्यांची विमाने ब्रिटन ते संघ अशी ये-जा करू शकतील, पण संघातल्या दोन शहरांच्या मध्ये नाही. अट एकच, ब्रिटननेही तेवढेच द्यावे. युरोपीय समजल्या जाणाऱ्या विमान कंपन्यांना मात्र निम्म्याहून जास्त मालकी संघातल्या लोकांची असल्याचे दाखवावे लागणार होते, आणि लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्यांना तीच चिंता होती.

ट्रकलाही अशीच तात्पुरती मुभा होती. ती नसती तर आंतरराष्ट्रीय परवाने लागले असते, आणि २०१९ साठी ब्रिटनच्या वाट्याला वर्षभराचे असे परवाने होते ९८४. मागणी त्याच्या दहापटीहून जास्त.

या सगळ्या सवलती संघाने एकतर्फी दिल्या होत्या, मुदतीच्या होत्या आणि केव्हाही काढून घेता येण्याजोग्या होत्या. ‘करार नाही’ची व्यवस्था चालवायलाही असे डझनभर छोटे बंदोबस्त लागतात, फरक एवढाच, की अटी समोरचा ठरवतो.

१५. साध्या ब्रिटिश प्रवाशाला काय करावे लागले असते?

पासपोर्टवर सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी, आणि जुना पासपोर्ट लवकर नूतन केल्याने मिळालेले दहा वर्षांपुढचे जादा महिने मोजायचे नाहीत. यात पुष्कळ जण फसतात. गाडी न्यायची तर विम्याचे ग्रीन कार्ड आणि पोस्टातून ५.५० पाउंडांचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. हा परवानाही एक नव्हे : स्पेनला १९४९ च्या करारातला, फ्रान्सला १९६८ च्या. गाडीने फ्रान्समधून स्पेनला जाणाऱ्याला दोन्ही.

कुत्रा न्यायचा तर तयारी चार महिने आधी. रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणे. मार्च २०१९ च्या प्रवासाला नोव्हेंबरातच लस हवी होती, आणि नोव्हेंबरात कोणालाच काही ठाऊक नव्हते.

१६. ब्रिटनमध्ये आधीपासून राहणाऱ्या युरोपीय नागरिकांचे काय झाले असते?

हाकलले कोणालाच नसते. पण हक्काचा पाया बदलला असता. कराराने दिलेला हक्क आंतरराष्ट्रीय असतो, संसदेला एका रात्रीत फिरवता येत नाही. नो-डीलमध्ये तोच हक्क ब्रिटिश सरकारच्या धोरणावर टेकलेला राहिला असता. अर्जाची शेवटची तारीखही आधी आली असती : ३१ डिसेंबर २०२०. कराराने ती ३० जून २०२१ झाली. उलट बाजूला युरोपात राहणाऱ्या ब्रिटिशांसाठी तर एकच उत्तर नव्हते. प्रत्येक देशाचा वेगळा कायदा, वेगळी खिडकी.

१७. मी मूळचा गोव्याचा, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात आलो. मला हे कसे लागू?

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. त्यापूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. तो पासपोर्ट घेऊन कित्येक गोंयकार स्विंडन आणि साउथॉलला स्थायिक झाले. ब्रिटनच्या दृष्टीने तुम्ही गोवेकर नाही, पोर्तुगीजही वेगळे नाही, युरोपीय नागरिक. म्हणजे प्रश्न १६ मधले सगळे तुम्हाला लागू.

३१ डिसेंबर २०२० च्या आधी राहायला आला असाल तर पाच वर्षांचा सलग वास असणाऱ्याला ‘सेटल्ड’, कमी असणाऱ्याला ‘प्री-सेटल्ड’ दर्जा. मुदत उलटून गेली असेल तर उशिराचे सबळ कारण दाखवून अर्ज करता येतो. ‘माहीत नव्हते’ एवढेच कारण आता सहसा चालत नाही. दर्जा कागदावर मिळत नाही, ऑनलाइन असतो. पासपोर्ट नवा केला की त्याचा क्रमांक त्या खात्यात बदलायला विसरू नका, बहुतेकांचे विमानतळावरचे लफडे तिथूनच सुरू होते.

घरातले भारतीय पासपोर्टवर असतील तर? लग्न किंवा नाते ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचे असेल तर जोडीदाराला नंतरही या योजनेतून येता येते. नो-डीलमध्ये याला तारखेची मर्यादा घातली जाणार होती. करारामुळे ती गेली. त्यानंतरचे लग्न असेल तर नेहमीच्या कौटुंबिक व्हिसाचा रस्ता, उत्पन्नाच्या अटीसकट. आणि आज नव्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढून थेट इंग्लंडात कामाला जाता येत नाही. फ्रान्स, जर्मनी, आयर्लंड चालते, इंग्लंड नाही.

१८. महाराष्ट्रातल्या निर्यातदाराला याने काय फरक पडला?

ज्या रांगेची ब्रिटनला धास्ती होती, त्या रांगेत नाशिकचा द्राक्ष निर्यातदार कायमच उभा असतो. बागेची ग्रेपनेटवर नोंदणी, कीडनाशकांच्या उर्वरित अंशांची तपासणी, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, शिक्क्याची पॅलेट (प्रश्न ९) : आपण संघाच्या बाहेरचे, म्हणून हे आपल्याला नवे नाही. बदल झाला तो एकाचे दोन होण्याचा. पूर्वी रॉटरडॅमला उतरलेला कंटेनर तिथे मोकळा झाला की थोडी खोकी लंडनला पाठवायला काही लागत नसे. आता ते वेगळे गिऱ्हाईक, वेगळी सीमा. उर्वरित अंशांच्या मर्यादा ब्रिटनने सुरुवातीला संघाच्याच उचलल्या, पण आता दोन्ही याद्या स्वतंत्रपणे बदलतात. एकीत पास झालेला माल दुसरीत पास होईलच असे धरून चालू नये.

साखरेचे उदाहरण जास्त बोलके. संघात भारतासाठी सवलतीच्या शुल्काचा १०,००० टनांचा कोटा होता. ब्रिटन निघाल्यावर कोट्यांचीही वाटणी झाली : संघाकडे ५,८४१ टन राहिले, उरलेला वाटा ब्रिटनकडे. बेरीज तीच, पण एका बाजारात भाव चढला म्हणून सगळा कोटा तिकडे वळवायची सोय गेली. अमेरिका, ब्राझील, न्यूझीलंडसह सात देशांनी २०१७ मध्येच या वाटणीला हरकत घेतली होती, ती याच मुद्द्यावर.

१९. देणे न देता निघून जाता आले असते का?

ब्रिटनने संघाला द्यायचे हे देणे, अंदाजे ३९ अब्ज पाउंड, माघारीच्या करारातले. करार नाही तर ते कलम नाही. पण त्यात आधी कबूल केलेला खर्च आणि निवृत्तिवेतने होती. ती बुडवून दुसऱ्या दिवशी त्याच लोकांशी व्यापाराची बोलणी करायला बसायचे होते.

२०. मग ‘ऑस्ट्रेलियासारखा करार’ काय होता?

२०२० च्या शरदात नो-डीलला दिलेले गोंडस नाव. त्या वेळी ऑस्ट्रेलियाचा संघाशी मुक्त व्यापार करारच नव्हता.

२१. करार झाला तरी २०२१ मध्ये कटकटी का झाल्या?

कराराने शुल्क शून्य केले, कागद नाही. प्रश्न ८ मधले जवळपास सगळे १ जानेवारी २०२१ ला खरे झाले. रांगेची झलक तर आधीच दिसली होती : २० डिसेंबर २०२० ला कोविडच्या नव्या प्रकारामुळे फ्रान्सने दोन दिवस सीमा बंद केली आणि हजारो ट्रक डोव्हरच्या केंट परगण्यात अडकले. चालकांचा नाताळ मॅन्स्टनच्या त्याच धावपट्टीवर (प्रश्न ११) गेला.

शून्य शुल्कही सरसकट नाही. माल ब्रिटनमध्ये किंवा संघात ‘बनलेला’ असावा लागतो. तिरुपूरचा टी-शर्ट ब्रिटनच्या गोदामात शुल्क भरून आला आणि तिथून डब्लिनच्या दुकानात गेला, तर तो ब्रिटिश होत नाही. सीमेवर पुन्हा १२ टक्के. एकाच मालावर दोनदा शुल्क, करार असूनही.

ब्रिटनने स्वतःच्या बाजूच्या तपासण्या मात्र पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या. संघातून येणाऱ्या मांस-दुधाला आरोग्य प्रमाणपत्राची सक्ती ३१ जानेवारी २०२४ ला आणि प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ ला सुरू झाली. तोवर तीन वर्षे फ्रेंच चीज बिनातपासणी येत होते आणि इंग्लिश चीज प्रमाणपत्रासह जात होते.

२२. करार न करता गट सोडलेला दुसरा कोणी देश आहे का?

युरोपीय गटातून नाही. ग्रीनलंड १ फेब्रुवारी १९८५ ला बाहेर पडले, पण स्वतंत्र करार करून, आणि त्यात मुख्य मुद्दा मासेमारीचा.

पश्चिम आफ्रिकेत मात्र ताजे उदाहरण आहे. माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी २८ जानेवारी २०२४ ला ‘इकोवास’ हा गट ‘तत्काळ’ सोडल्याचे जाहीर केले. गटाच्या करारात एक वर्षाच्या नोटिशीची अट असल्याने बाहेर पडणे धरले गेले २९ जानेवारी २०२५ ला, माघारीचा कसलाही करार न होता. तिथेही पहिल्या दिवशी व्यवहार चालवायला तात्पुरता बंदोबस्तच लागला : गटाचे बोधचिन्ह असलेले या तीन देशांचे पासपोर्ट आणि ओळखपत्रे पुढील सूचनेपर्यंत चालतील आणि मालाची ये-जा जुन्याच सवलतीने होईल, असे इकोवासने त्याच दिवशी कळवले. दोन महिन्यांच्या आत तिघांनी गटातल्या देशांकडून येणाऱ्या मालावर ०.५ टक्के पट्टी बसवली.